गोड पाण्याचं इंजिन

बंद पडलेली वस्तू दिसली आणि देवमन तायडे तिच्याजवळून नुसता निघून गेला, असं निंभारखेडात कधी कोणी पाहिलं नाही. कुलूप असो, शिलाईची मशीन असो, शाळेतल्या मास्तरांचं घड्याळ असो. हा गडी मांडी घालून बसणार, वस्तू कानाशी नेऊन हलवणार आणि मग उघडणार. उघडलेलं सगळंच परत लागायचं असंही नाही, खोटं कशाला सांगा! मास्तरांचं घड्याळ लागलं, चाललंही, पण एक चाक हातात उरलं. मास्तर खूश झाले. देवमन मात्र महिनाभर बेचैन होता. हे चाक नसतानाही घड्याळ चालते, तर ज्यानं ते बसवलं त्यानं ते बसवलंच काहून?

लढाईच्या काळात तो पलटणीत गेला होता. ब्रह्मदेशाच्या हद्दीवर रस्ते करणाऱ्या तुकडीत त्यानं आधी टोपल्या उचलल्या, मग बुलडोझरवर हेल्पर झाला आणि शेवटी शेवटी स्वतःच चालवू लागला. लढाई संपली, पलटणीनं घरी पाठवलं आणि डोंगर ढकलणारा माणूस अकोटच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाच्या हंगामापुरता, फिटरच्या हाताखाली राहू लागला. छप्पन साली नागपूरला जाऊन तो दीक्षा घेऊन आला. बायको मनकर्णाही सोबत होती.

पलटणीतलं त्याला सगळ्यात जास्त काय आठवायचं म्हणाल, तर पाण्याची टाकी. एकच टाकी, एकच तोटी, सगळी तुकडी तिथंच ओंजळ धरायची. ही गोष्ट त्यानं मनकर्णेला इतक्यांदा सांगितली की ती वैतागून म्हणायची, त्या टाकीसंगंच लगन लावून घ्याचं होतं. वैतागायला कारण होतं. गाव खारपाणपट्ट्यातलं. विहिरीचं पाणी असं की तुरीची डाळ दिवसभर चुलीवर ठेवा, दाणा आपला जसाच्या तसा. गोड पाणी पाहिजे तर कोसभर चालून पूर्णेच्या रेतीत झिरे उकरायचे. त्यातही वरच्या अंगाचे झिरे गावाचे, आणि म्हशी बसायच्या त्याच्याही खालचे झिरे बौद्धपुऱ्याचे. मनकर्णा पहाटे निघायची आणि ऊन तापल्यावर परत यायची. धर्म बदलला, घरातल्या भिंतीवरची तसबीर बदलली, झिरा तोच राहिला. हे देवमनला रोज दिसायचं आणि रोज डाचायचं.

तर अठ्ठावन्नच्या हिवाळ्यात नत्थुजी गावंड्यांनी एक उद्योग केला. नत्थुजी गावातले बऱ्यापैकी शेतकरी. जमीन काळीभोर, पण अर्ध्या वावरात कुंदा माजलेला. कुंद्याचं गवत म्हणजे असं की बैलाचा नांगर त्याला नुसत्या गुदगुल्या करतो. मुळं राहतात खाली, हातभर खोल. सरकारी यंत्रांनी कुठं तरी हा कुंदा समूळ उपटला, असं नत्थुजींनी ऐकलं होतं. ते अकोल्याला कापूस विकायला गेले आणि येताना लढाईतला एक जुना बुलडोझर लिलावात घेऊन आले. तो म्हणे स्टेशनापलीकडच्या आवारात वर्षानुवर्षं पडून होता, आणि त्याच्या पोटातून बाभूळ उगवली होती.

डांबरी सडकेपर्यंत तो ट्रकवर आला. तिथून गावापर्यंत, खाली लाकडाचे ओंडके टाकत, बैलांच्या जोड्यांनी ओढत आणला. सारं गाव पाहायला लोटलं. जानराव नावाचे एक वजनदार गृहस्थ होते, त्यांच्या शब्दाशिवाय गावात पान हलायचं नाही. ते म्हणाले, नत्थुजीनं लोखंडाची म्हैस आणली, आता दूध किती देते ते पाहू. लोक पोट धरून हसले. नत्थुजींचं तोंड एवढंसं झालं.

देवमन हसला नाही. तो मशीनभोवती फिरला, पुढच्या भल्यामोठ्या पोलादी पात्यावरून त्यानं हात फिरवला, धुराड्यात काडी घालून पाहिली. आत साळुंकीचं घरटं. गिअरच्या पेटीत उंदरांचा संसार. साखळपट्टे गंजून एकजीव झालेले. पण त्यानं वाकून खालचं झाकण पुसलं आणि तो तिथंच उकिडवा बसला. अगदी हेच, याच जातीचं मशीन तो चालवत होता. आपलाच तो नसेल ना, असं क्षणभर वाटलं त्याला. आणि मग स्वतःचंच हसू आलं.

नत्थुजींनी विचारलं, हे उठन का. देवमन म्हणाला, उघडल्याशिवाय कसं सांगू. मजुरीचं बोलणं निघालं तेव्हा मात्र तो उभा राहिला.

"मजुरी नको मले, नत्थुजी. मशीन चाललं तं पयले तुमच्या खोलगट वावरात तळं खणाचं. तिथं तसंही काही पिकत नाही. पावसाचं पाणी गोड असते. अन् तळ्याले उतार एकच राहीन. गाव अन् बौद्धपुरा, एकाच वाटेनं उतरन."

नत्थुजींना त्या घडीला एकच गोष्ट दिसत होती, जानरावांसमोर हे धूड चालताना. ते म्हणाले, "एक ठेव नाही तं अर्धा ठेव, पण याले उठव बापा." आणि त्यांनी देवमनच्या हातावर हात मारला. वऱ्हाडात हातावर हात मारला की बोलणं पक्कं.

पुढचे दिवस कसे गेले ते मनकर्णेला विचारावं. जिनातून सुटला की देवमन थेट मशीनवर. घरातली परात गेली, तिच्यात घासलेट ओतून पुर्जे भिजत पडले. तवा तेवढा वाचला, तोही तिनं उशाशी घेऊन झोपायची धमकी दिली म्हणून. पंख्याचा पट्टा सडला होता, तर जिनातल्या जुन्या चामडी पट्ट्यातून त्यानं नवा कापून शिवला. साखळीच्या एकेका कडीला तेल पाजून, ठोकून, हलवून ती मोकळी केली. आणि प्रत्येक पुर्जा काढला की तो हातात धरून बसायचा. हा इथं काय करते? हा नसता तं काय झालं असतं? नत्थुजी शेजारी बसून तेच तेच विचारायचे. दोघांची चांगली गट्टी जमली. नत्थुजींच्या घरून त्यांची बायको पार्वताबाई चहा पाठवायच्या, आणि खोटं कशाला बोला, देवमनची कपबशी वेगळीच असायची, ओसरीच्या कोनाड्यात ठेवलेली. देवमनला ती दिसत होती. तो चहा प्यायचा आणि परत मशीनखाली शिरायचा.

या मशीनला दोन इंजिनं. एक पेट्रोलवरचं पिटुकलं. त्याला दोरी गुंडाळून ओढायची, ते फटफट करत उठलं की त्यानं डिझेलच्या मोठ्याला उठवायचं. होळी झाल्यावर एका सकाळी देवमननं दोरी ओढली. ओढली, ओढली, हाताची सालं निघाली. मग पिटुकलं फटफटलं. मोठं आधी खोकलं, काळा धूर सोडला, सगळं अंग थरथरलं आणि घुमायला लागलं. नत्थुजींनी डोक्यावरचा पटका काढून हवेत उडवला. देवमनच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि धूर लागला म्हणून त्यानं ते पुसलं.

खोलगट वावरात काम सुरू झालं. पातं खाली घातलं की काळी माती सोललेल्या सालीसारखी वर यायची. लोक भाकरी बांधून पाहायला यायचे. आठवडाभर सगळं झकास चाललं, आणि मग मशीन तापायला लागलं. घटकाभर चालवावं की इंजिन थंड ठेवणाऱ्या पुढच्या पाण्याच्या टाकीतून वाफ फुसफुसायची, झाकण टणकन उडायचं. थांबवा, निवू द्या, पाणी भरा, पुन्हा तेच. देवमननं पंखा तपासला, पट्टा ताणला, पाण्याचा पंप उघडून पाहिला. काही सापडेना. बरोबर काम करणारी वस्तू का बिघडते, हे कळेना म्हणून त्याची भूक गेली. पलटणीत असं कधी झालं नव्हतं.

मनकर्णा त्याची भाकर घेऊन वावरात आली. टाकीचं झाकण बाजूला पडलं होतं, आतून पांढरं पापड धरलेलं. तिनं नखानं खरवडलं आणि जिभेला लावलं.

"पाणी कुठचं भरता वो याच्यात?"

विहिरीचं, देवमन म्हणाला. दुसरं कुठचं भरणार?

"ज्या पाण्यात डाळ शिजत नाही, ते तुमी याले पाजून राहिले? माह्या आंघोळीच्या पाण्याच्या हंड्यात असंच धरते, पाहा घरी येऊन."

देवमननं झाकण उचलून स्वतःही चाटून पाहिलं. पलटणीत कुठल्याही ओढ्याचं पाणी घालायचे, तिकडचे ओढे सगळे गोडच. आणि इथं, खाऱ्या पाण्यावर जन्म काढलेल्या माणसाला हे सुचू नये? पण गावात कोणाला सुचलं होतं! रोजचंच ते पाणी, त्याचा दोष कोण काढणार? मग मनकर्णेनंच पुढचं सांगितलं. पितळी भांड्याला चिंच लागते, तर याला का लागू नये? चिंच उकळून ते आंबट पाणी मशीनच्या पोटात घातलं, हलकं चालवलं आणि सोडलं. गढूळ, पांढरं, घाण असं काय काय बाहेर आलं. सगळं काही निघालं नाही, अर्ध्या नळ्या बुजलेल्याच राहिल्या, पण मशीन चाललं. आता त्याला रोज ताजं गोड पाणी पाहिजे होतं, आणि गोड पाणी यायचं ते बायकांच्या डोक्यावरून.

गोड पाण्याचं तळं खणायचं तर मशीनलाच आधी गोड पाणी पाजायचं! पार्वताबाईंनी गावातल्या बायकांना गोळा केलं. एकेकीनं एकेक जास्तीची घागर आणायची, पावसाळ्यापर्यंतच तर प्रश्न आहे. मग बौद्धपुऱ्यातल्या बायकाही आल्या, मनकर्णा पुढं. बांधावर एक मोठं पिंप ठेवलं होतं. त्यात वरच्या झिऱ्याचं पाणी पडत होतं. मनकर्णा आपली घागर कमरेवर घेऊन तशीच उभी राहिली.

"पार्वताबाई, आमचं पाणी मशीनले चालते. तळ्यात आमची घागर चालन का?"

पार्वताबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. नत्थुजी म्हणाले, "चालन. म्या शब्द देला हाय देवमनले." मग मनकर्णेनं घागर पिंपात ओतली. तिच्या मागून बाकीच्यांनीही ओतल्या. दोन्ही झिऱ्यांचं पाणी एक झालं.

वैशाख सरता सरता तळ्याला आकार आला. तीन बाजूंनी मातीची उंच पाळ, एका बाजूनं मशीन आत-बाहेर करायचं तो उतार, एका पात्याच्या रुंदीचा. तळ किती खोल न्यायचा हे बायकांनीच ठरवलं. माती जिभेवर खारट लागायला लागली तिथं त्यांनी थांबवलं. आता पाळ दाबायची तेवढी राहिली होती. आणि त्याच सुमाराला जानरावांना कंठ फुटला. चावडीवर बैठक बसली. तळं छान झालं, नत्थुजीनं गावावर उपकार केले, सगळं खरं; पण पलीकडच्या अंगानं बौद्धपुऱ्यासाठी दुसरा उतार काढावा. पाणी तेच, नुसती वाट वेगळी. यात कोणाचं काय जाते?

देवमन नत्थुजींकडं पाहत होता. नत्थुजी आपल्या अंगठ्याकडं पाहत होते. घरी जाताना ते देवमनला म्हणाले, तुह्यं माह्यं ठरलं ते ठरलं, पण गावाशी वाकडं घेऊन मी राहू कसा? त्यांची मान वर झाली नाही. देवमन बौद्धपुऱ्याकडं वळला. त्याला राग आला होता, आणि रागापेक्षा जास्त लाज वाटत होती, की आता हे मनकर्णेला सांगायचं कसं.

ती ऐकून घेऊन म्हणाली, बरं. दुसऱ्या दिवशी बौद्धपुऱ्यातली एकही घागर पिंपावर आली नाही. आणि गंमत पाहा, गावातलीही आली नाही. पार्वताबाईंनी नवऱ्याला सांगून टाकलं, तुमचा एक उतार होईपर्यंत माझी मान मोडली, आता तुमच्या चावडीच्या हट्टापायी मी आणखी ओझी वाहणार नाही. यात माया वगैरे काही नव्हती, निव्वळ मान दुखत होती. पण पिंप कोरडं ते कोरडंच. फावड्यानं उतार काढायचा तर कामाला जायची माणसं बौद्धपुऱ्यातली, आणि ती आता जाणार नव्हती. जानराव म्हणाले, एका दिवसाचं तर काम आहे, विहिरीचं घाला. देवमन नाही म्हणाला आणि घरी येऊन बसला.

पुढच्या दिवशी सकाळ चढली होती. मनकर्णा दारात ज्वारी निवडत होती. वावराकडून फटफट ऐकू आली. देवमननं तिकडं कान दिला. मग मोठं इंजिन घुमलं. नत्थुजी शेजारी बसून बसून चालवायला शिकले होते, तेच असणार. पाणी कुठलं असणार हे सांगायची गरज नव्हती.

देवमन ऐकत राहिला. पातं जमिनीत शिरलं की आवाज कसा जड होतो, परत फिरताना कसा हलका होतो, त्याला डोळे मिटूनही दिसत होतं. दुपारकडं आवाजात खरखर आली. तापलं. आता थांबवायला पाहिजे, तासभर तसंच राहू द्यायला पाहिजे. पण नत्थुजी घाबरणार. घाबरले की विहिरीच्या बादल्या आणून लालबुंद इंजिनात गार पाणी ओतणार, आणि इंजिन तडकणार. हे त्याला इतकं स्पष्ट कळलं की तो उठला आणि पायात वहाणा घालू लागला.

"जा," मनकर्णा म्हणाली. तिनं सुपातून मान वर केली नाही. "जायाचं असन तं जा. पण त्या दुसऱ्या उतारानं मी घागर घेऊन उतरणार नाही. मी नदीलेच जाईन, मरेपर्यंत."

तो उंबऱ्यात उभा राहिला. इतके महिने एकेक कडी ज्यानं हातानं मोकळी केली, त्याचे पाय तिकडं ओढत होते. पळत गेला असता तर वेळ होता. त्यानं वहाणा काढल्या, भिंतीला टेकून बसला आणि कान झाकून घेतले नाहीत. सगळं ऐकलं. इंजिन थांबलं न थांबलं तोच फाडकन आवाज झाला, बौद्धपुऱ्यापर्यंत आला. मग काहीच नाही. देवमन लहान लेकरासारखा रडला. मनकर्णेनं सूप बाजूला ठेवलं आणि त्याच्या शेजारी येऊन बसली.

संध्याकाळी नत्थुजी आले. बौद्धपुऱ्यात ते पहिल्यांदाच आले होते, आणि कुठं बसावं हे न कळून उभेच राहिले.

"तुले आवाज आला असन."

"आला होता."

"मंग आला काहून नाही तू?"

"तुमी शब्द मोडला, म्या मशीन मोडू देलं," देवमन म्हणाला. "फिटलं आपलं."

नत्थुजी खाली बसले, तिथंच, अंगणात, आणि त्यांनी पाणी मागितलं. मनकर्णेनं दिलं. ते प्याले. त्यांनी जानरावांना काय सांगितलं ते गावाला कळलं नाही, पण दुसऱ्या उताराचं नाव परत निघालं नाही. मशीन मात्र देवमननं पुढच्या हिवाळ्यात पुन्हा उघडलं. तडकलेला भाग अकोल्याहून जोडून आणला, आणि मग ते कुंदा उपटत पुढं कितीतरी वर्षं नत्थुजींच्या आणि आसपासच्या वावरांतून फिरलं. त्याला पाणी तळ्याचंच लागायचं.

पण त्या वर्षीचं सांगतो. अर्धवट कापलेला दुसरा उतार फावड्यांनी बुजवला, पाळ बैल फिरवून दाबली. श्रावणापर्यंत तळं भरलं, माती खाली बसली, पाणी निवळलं. पहिल्या दिवशी पाळेवर माणसं जमली होती, जानरावही होते. उतारावर चिखल, एका वेळी एकीनंच जावं असा. मनकर्णा उजाडायच्या आधीच येऊन सगळ्यांत पुढं उभी होती. तिच्या मागं जानरावांची बायको. मनकर्णा खाली उतरली, घागर बुडवली, भरली, डोक्यावर घेतली आणि वर आली. जानरावांच्या बायकोनं नवऱ्याकडं पाहिलं. जानराव आभाळाकडं पाहत होते. मग ती बाई उतरली आणि तिथंच आपली घागर बुडवली, कारण दुसरीकडं बुडवायला जागाच नव्हती.

देवमन मनकर्णेच्या मागं मागं घरी आला. तिनं घागर उतरवली आणि चुलीपाशी उभी राहिली. अजून ऊन कोवळंच होतं. एरवी या वेळेला ती नदीवरही पोचलेली नसायची. तिनं दाराबाहेर पाहिलं. तळ्याची पाळ इथूनच दिसत होती. आणि एकाएकी तिला हुंदका आला.

काय झालं, त्यानं विचारलं.

"येवढंच तं दूर होतं वो," ती म्हणाली. "येवढंच."